हळू चाला, थांबू नका

धाकटीला आयुष्यात सगळ्यात जास्त भीती वाटायची ती घाईची. बस सुटायला आली तरी ती धावायची नाही. रस्ता ओलांडताना सिग्नल बदलायची चिन्हं दिसली की ती फुटपाथवरच थांबायची, आणि मागचे लोक तिला वळसा घालून, वर एक तिरका कटाक्ष टाकून पुढे निघून जायचे. पस्तिशीची, अंगाने भरलेली, दिसायला ठणठणीत बाई. अशा बाईने जिन्याच्या चार पायऱ्या चढून कठड्याला टेकून उभं राहावं, म्हणजे लोकांच्या मनात जे येतं तेच तिच्याबद्दल सगळ्यांच्या मनात यायचं.

शाळेत ते खेळाच्या बाईंच्या मनात आलं होतं. मैदानाला फेरी मारायला सांगितली की अर्ध्या फेरीतच धाकटीच्या पोटऱ्यांचे दगड व्हायचे आणि ती मटकन खाली बसायची. "नाटकं!" बाई म्हणायच्या. आई म्हणायची, शेंडेफळ आहे, लाडावलंय. दोघी बहिणींत लहान म्हणून तिला सगळे धाकटी म्हणायचे. मोठ्या बहिणीचं, म्हणजे ताईचं लग्न झाल्यावर भाऊजींनी त्यात 'राणीसाहेब' अशी भर घातली. भाऊजी मनाचे दिलदार, पण जिभेला हाड नाही. रोज पहाटे उठून वजनं उचलणारा माणूस. दंड असे की शर्टाच्या बाह्या कायम उसवलेल्या. थकवा म्हणजे काय हे त्यांना ऐकूनच माहीत.

एका वर्षी ताईच्या घराला रंग द्यायचा होता. लोखंडी कपाट सरकवायला सगळ्यांनी हात लावला.

"राणीसाहेब, नुसता हात टेकवून काय उभी राहतेस? जोर लाव, जोर!" भाऊजी ओरडले.

सगळे हसले. धाकटीला लाज वाटली आणि तिने खरोखरच जोर लावला. कपाट सरकलं. तिच्या दोन्ही हातांची बोटं मात्र आत वळली ती उघडेचनात. दंड हात लावू देईनात. संध्याकाळी लघवीला गेली, तर रंग कोऱ्या चहासारखा. बाथरूमचं दार आतून लावून ती किती वेळ तशीच उभी राहिली. कुणाला हाक मारायचीही भीती वाटत होती. हाक मारली की ते खरं होणार.

हॉस्पिटलात सलाईनवर काही दिवस काढल्यावर आणि बऱ्याच तपासण्या झाल्यावर एक तरुण डॉक्टरीणबाई तिच्या खाटेपाशी खुर्ची ओढून बसल्या.

"स्नायू आखडायला ताकद लागते हे सगळ्यांना कळतं," त्या म्हणाल्या. "पण आखडलेला स्नायू सैल व्हायलाही ताकद लागते. स्नायूत बारीक तंतू असतात, ते एकमेकांना धरून ओढतात. धरलेलं सोडायचं, तरी पुन्हा ताकद हवी. ती संपली की पकड तशीच राहते. तुमच्या बोटांचं तेच झालं."

"पण माझीच का संपते?"

"तयार ताकद प्रत्येकाच्याच स्नायूत काही क्षणांपुरती असते. ती संपली की स्नायू स्वतःच्या कोठीतली साखर वापरायला काढतो. तुमची कोठी भरलेली आहे. पण तिचं झाकण उघडायला जे रसायन लागतं, ते तुमच्या स्नायूंत जन्मापासून नाही. म्हणून तुमच्या स्नायूंना रक्तातून येणाऱ्या साखरेची आणि चरबीची वाट बघावी लागते. ती पुरेशी यायला लागेपर्यंत दहाएक मिनिटं जातात. तेवढा वेळ हळू चालायचं. दुखायला लागलं तर आणखी हळू. मग एकदम हलकं वाटायला लागेल. त्यानंतर तुम्ही इतरांसारख्याच चालाल."

"आणि दुखत असताना तसाच जोर लावत राहिले तर?"

"स्नायू फाटतात. त्यातलं लाल द्रव्य मूत्रपिंडात जाऊन अडकतं. या वेळी तुम्ही वाचलात. दर वेळी वाचालच, असं मी सांगणार नाही."

भाऊजींना हे सांगितलं तेव्हा ते खो खो हसले. "दहा मिनिटं हळू चालायचं! असला आजार मलाही मिळवून द्या की कुणीतरी." ताईने डोळे वटारले तेव्हा गप्प बसले, पण त्यांना ते पटलं नव्हतं. अंगाला सवय लावली की सगळं होतं, हे त्यांचं ठाम मत. तरी याच भाऊजींनी महिन्याभरात धाकटीला स्वतःच्या कामाच्या ठिकाणी बैठी नोकरी लावून दिली. माणूस असा होता.

ते एक कोल्ड स्टोरेज होतं. शहराच्या कडेला, गोदामांच्या रांगेत. भाऊजी तिथे माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांचे मुकादम होते. धाकटीचं काम मालाचं तापमान तपासण्याचं. आलेल्या खोक्यांतलं एखादं उघडायचं, आत तापमापकाचा टोकदार काटा खुपसायचा, आकडा बघायचा. बाकी वेळ ऑफिसात. मोठ्या थंड खोलीत ती दिवसातून दोन-चार वेळा जायची, तीही जाड जॅकेट आणि हातमोजे घालून, सावकाश. आत उणे अठरा. छताजवळच्या पंख्यांचा असा आवाज की मागच्या रांगांत शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागायचं, दाराजवळ जरा कमी. छतापर्यंत लोखंडी रॅक, त्यांवर मटाराची, मक्याची, आइस्क्रीमची खोकी. दाराला जाड रबर, आणि दारामागे प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा.

एका शनिवारी दुपारी एका दुकानदाराचा फोन आला, की आइस्क्रीम मऊ आलंय. त्याच मालातली उरलेली खोकी तपासायला हवी होती. बाकीचे लोक घरी गेले होते. दुसऱ्या दिवशी सुट्टी.

"चल, दोन मिनिटांचं काम आहे, मी खोकी काढून देतो," भाऊजी म्हणाले. त्यांच्या अंगात एक स्वेटर तेवढा, धाकटीने नेहमीचं जॅकेट चढवलेलं. दार थोडं उघडं ठेवून दोघं आत गेली. खोकी सगळ्यात मागच्या रांगेत होती.

काय झालं ते नंतर कळलं. वॉचमन फेरीवर आला, त्याला दार अर्धवट उघडं दिसलं. थंडावा बाहेर जातो म्हणून साहेब आरडाओरडा करतात, हे त्याला पाठ होतं. त्याने आत डोकावून हाक मारली. पंख्यांच्या आवाजात ती कुठे ऐकू जाणार! त्याने दार ढकललं, बाहेरची खीळ टाकली आणि दिवे बंद केले.

अंधार झाला तेव्हा धाकटीच्या हातात काटा होता. दारावरच्या छोट्या हिरवट दिव्याशिवाय काही दिसेना.

"अरे, कोण आहे?" भाऊजी ओरडत दाराकडे धावले. धाकटी रॅक चाचपत मागून गेली.

दार आतून उघडायला एक दांडा असतो. तो ढकलला की बाहेरची खीळ निसटते. भाऊजींनी दांडा ढकलला. तो तसूभरही हलला नाही. त्याच्या भोकाभोवती बर्फ साचून काचेसारखा घट्ट झाला होता. शेजारी धोक्याच्या घंटीचं बटण होतं. ते दाबलं, पुन्हा दाबलं. घंटी वाजली असती तर ती बाहेर वाजली असती. आत काहीच कळायला मार्ग नव्हता. धाकटीचा मोबाईल ऑफिसच्या खणात. भाऊजींनी स्वतःचा काढला. पत्र्याच्या जाड भिंतींत रेंज कुठली! ते तो उंच धरून हिंडले, आणि थोड्या वेळात थंडीने तोही बंद पडला.

"सोमवारी सकाळपर्यंत कुणी येणार नाही," धाकटी म्हणाली. बोलल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं.

"गप्प! ये इकडे. दोघं मिळून दांडा ढकलू."

भाऊजींनी खांदा लावला. धाकटीने दांड्यावर हात ठेवले.

"हं, जोर लाव! जोर!"

तिने हात काढून घेतले.

"काय झालं?"

"भाऊजी, मला नाही जमणार. माझे हात आखडले तर..."

"अगं, इथे मरायची वेळ आलीय आणि तुला नखरे सुचताहेत?" भाऊजी इतक्या मोठ्याने ओरडले की पंख्यांचा आवाजही दबला. मग त्यांनी तिला जे काही सुनावलं ते इतक्या वर्षांत मनात साठवलेलंच असणार. आळशी, ऐतखाऊ, बहिणीच्या जिवावर लोळणारी. धाकटी ऐकत होती. तिला त्या दाराची भीती वाटत होती, थंडीची वाटत होती, भाऊजींची वाटत होती. पण या सगळ्यांहून जास्त भीती तिला स्वतःच्याच दंडांची वाटत होती. इथे हातपाय आखडून पडली, तर कुणी सलाईन लावणार नव्हतं.

ती मागे सरली आणि रॅकच्या दोन रांगांमधून हळूहळू चालायला लागली.

भाऊजींनी एकट्याने दाराला धडका दिल्या. लाथा घातल्या. खांदा दुखायला लागला तेव्हा थांबले, आणि अंग गरम राहावं म्हणून जागच्या जागी उड्या मारायला लागले. मग बैठका काढल्या. मग जमिनीवर हात टेकून जोर. धाकटी येता-जाता त्यांना बघत होती. अंधारात तो मोठा आकार वर-खाली होत होता. तोंडातून वाफ निघत होती.

"बघ, असं करायचं!" ते धापा टाकत म्हणाले. "घाम आला मला, घाम!"

धाकटीच्या मांड्यांत कळ यायला लागली होती. ही कळ तिच्या ओळखीची होती. तिने पावलं आणखी लहान केली, इतकी की चालतोय की उभे आहोत तेही कळू नये. थंडी जॅकेटच्या गळ्यातून आत शिरत होती. सगळं अंग पळ पळ म्हणत होतं. पळालं की ऊब येईल, आणि पळालं की सगळं संपेल. छातीत धडधड वाढली होती. ते चालीमुळे की भीतीमुळे, तिला सांगता आलं नसतं. ती मनात म्हणत राहिली, ते हलकेपण येईल, वाट बघ, येईल. आणि दुसरा एक आवाज म्हणत होता, घरच्या रस्त्यावर चालताना आलं म्हणून इथे येईलच कशावरून?

मग एका फेरीला मागच्या भिंतीपाशी वळताना तिच्या लक्षात आलं, की कळ गेली आहे. पाय हलके झाले होते. श्वास सरळ लागला होता. ती थोडी भरभर चालून बघायला लागली. पाय ऐकत होते. पाठीत, पोटात मंद ऊब यायला लागली. काम करणाऱ्या स्नायूंची बरीचशी ताकद उष्णता होऊनच बाहेर पडते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तेव्हा तिला ते फुकट गेल्यासारखं वाटलं होतं.

दाराशी आली तेव्हा भाऊजी बैठका काढत नव्हते. रॅकला टेकून उभे होते आणि कडाकडा कापत होते. घामाने भिजलेला स्वेटर कडक झाला होता.

"भाऊजी, चला. माझ्याबरोबर चाला."

"द-दम लागलाय. जरा थांबतो."

"थांबू नका. हळू चाला, पण थांबू नका."

त्यांनी नुसता हात हलवला. दात इतके वाजत होते की बोलणं होईना. ते कापणंही स्नायूंचंच काम. सगळं अंग न सांगता राबत होतं, आणि मघाच्या उड्यांनी आधीच रिकाम्या झालेल्या कोठ्या खरवडत होतं. धाकटीच्या डोक्यात हे लख्ख आलं. तिला आयुष्यभर वाटत आलं होतं, की ताकदवान माणसं कधी संपत नाहीत.

तिने मटाराची दोन खोकी फोडली आणि पुठ्ठे भाऊजींच्या स्वेटरच्या आत, पाठीला आणि छातीला खुपसले. माल गुंडाळायच्या प्लास्टिकचं रीळ एका रॅकवर सापडलं. ते त्यांच्या अंगाभोवती, कानांवरून डोक्याभोवती फिरवलं. ते मुकाट्याने करू देत होते. हे तिला सगळ्यात भीतीदायक वाटलं. भाऊजी आणि मुकाट्याने! आपलं जॅकेट काढून द्यायला गेली तर मात्र त्यांनी तिचा हात झिडकारला.

"ते घालून राहा. तुझ्या ताईला काय तोंड दाखवू?"

तिने त्यांच्या काखेत हात घातला आणि दोघं चालायला लागली. एक फेरी. आणखी एक. त्यांचे पाय जमिनीला घासत होते. वळताना ते तिच्या अंगावर कलंडत होते. आणि मग, दारापासून थोडं दूर असताना, त्यांचं कापणं थांबलं.

"आता बरं वाटतंय गं," ते म्हणाले. आवाज जड, झोपेतल्यासारखा. "थंडी गेली बघ. जरा बसू दे."

थंडी गेलेली नव्हती. कापायलाही त्यांच्या अंगात काही उरलं नव्हतं.

त्यांना खाली बसू द्यायचं नाही म्हणून तिने दाराजवळच्या रॅकला त्यांना टेकवलं, आणि मदत मागावी तशी वर बघायला लागली. तेव्हा हिरवट उजेडात तिला ती वायर दिसली.

रॅकच्या वरच्या आडव्या पट्टीवरून, त्या वायरच्या टोकाला, बोटभर लांबीची एक धातूची कांडी लोंबत होती. खोलीचं तापमान मोजणारी. धाकटी रोज खोलीबाहेरच्या डिजिटल पाटीवर हिचाच आकडा बघायची. तापमान वाढलं की मशीन सांभाळणाऱ्या मेकॅनिकच्या मोबाईलवर इशारा जातो, असं साहेब एकदा म्हणाले होते. खरंच जातो की नुसतं म्हणायचं म्हणून, ते तिला माहीत नव्हतं. इतका वेळ ती त्या कांडीखालून फेऱ्या मारत होती आणि भीतीने डोकंच चाललं नव्हतं.

"भाऊजी, ती कांडी गरम केली तर इशारा जाईल ना?"

"कसली कांडी?" त्यांनी डोळे उघडले नाहीत.

कांडी त्यांच्या हाताला आली असती, पण त्यांचे हात आता खांद्याच्या वर जात नव्हते. धाकटी खालच्या खोक्यांवर चढली. गुडघे टेकत, थांबत थांबत. वर उभी राहिली तरी कांडी हातभर दूर. वायर पट्टीला घट्ट बांधलेली, खाली येईना. डाव्या हाताने रॅकचा खांब धरून, अंग बाहेर झोकून, उजवा हात वर ताणावा लागणार होता. आणि तसंच धरून राहावं लागणार होतं.

चालण्याची गोष्ट वेगळी. चालताना स्नायू आवळतो, सुटतो, आणि सुटला की त्यात रक्त भरतं. घट्ट आवळून धरलेल्या स्नायूत रक्त शिरतच नाही. रक्तच नाही, तर त्यातून येणारी ताकद कुठून येणार? नेमकं हेच करू नका, म्हणून तिला बजावलेलं होतं. जड पिशवी धरून उभं राहू नका. वर हात करून पडदे लावू नका. दुकानाचं शटर ओढू नका.

खाली भाऊजी हळूहळू घसरत जमिनीवर बसले.

"भाऊजी!"

उत्तर नाही. मग अस्पष्ट, "हं."

धाकटीने खांब धरला आणि अंग झोकलं. उजव्या हाताने कांडी पकडून ती हातमोज्याच्या आत, तळव्याशी सरकवली. धातूचा चटका बसला तशी ती किंचाळली, पण मूठ वळली.

"भाऊजी, बोला माझ्याशी. ताईला पहिल्यांदा कुठे बघितलंत?"

"काय?"

"ताई! पहिल्यांदा कुठे भेटली?"

बराच वेळ काही आलं नाही. मग खालून तुटक शब्द यायला लागले. बँकेत. रांगेत. कुणीतरी मध्ये घुसला होता. तुझी ताई त्याला... अशी बोलली... मीच मागे सरलो. घुसलो नव्हतो तरी.

"मग?"

"मग काय. रोज बँकेत जायला लागलो."

धाकटी हसली, आणि त्याच क्षणी डाव्या कोपरापासून मनगटापर्यंत कळ धावली. हात आखडायला लागल्याचं तिला कळलं. आता हात सोडला तर अजून वेळ होता. खाली उतरता आलं असतं, चालत राहता आलं असतं, आणि ती एकटी कदाचित खूप वेळ टिकली असती. भाऊजी टिकले नसते. पण इथून आखडून पडलो तर आपणही टिकणार नाही, हे तिला दिसत होतं. ती रडायला लागली. मोठ्याने, लहान मुलासारखी. पण मूठ तशीच ठेवली.

कळ वाढत गेली. आधी बोटं, मग पूर्ण हात, मग खांदा. पिळून टाकल्यासारखं. आणि एका क्षणी तिला उमजलं, की खांब आपण धरलेला नाही. हाताने धरलाय. तिने बोटं हलवून बघितली. हलेनात. डावा हात खांबाभोवती आखडून बसला होता आणि सुटत नव्हता. उजवी मूठही कांडीभोवती तशीच. आता खाली उतरायचं म्हटलं तरी ती उतरू शकली नसती. ती तिथे टांगल्यासारखी उभी होती. अंगातून थंडी वर चढत होती, आणि खालून भाऊजींचा आवाज येईनासा झाला होता.

"भाऊजी? भाऊजी! मग काय झालं? बँकेत काय झालं?"

नुसते पंखे.

त्यानंतरचं तिला धड आठवत नाही. ताईला काय सांगायचं, याचाच विचार करत होती, एवढं आठवतं. मग दाराच्या बाहेरून काहीतरी खणखणलं, खीळ ओढल्याचा आवाज झाला आणि डोळ्यांवर उजेड आला.

मेकॅनिक दाढी करायला न्हाव्याकडे बसला होता. मोबाईल वाजला, खोलीचं तापमान वर गेल्याचा इशारा. त्याने आधी दुर्लक्ष केलं, असे इशारे उगाचच येतात. पण थांबेना, तेव्हा वॉचमनला फोन करून बघायला सांगितलं. बाहेरचा आकडा बघून वॉचमनचे धाबे दणाणले, पण आत आग-बिग लागली असेल म्हणून त्याने दार उघडलं नाही. शेवटी मेकॅनिक अर्ध्या गालावर फेस तसाच घेऊन शिव्या देत आला आणि त्याने दार उघडलं.

भाऊजींना उचलून बाहेर नेलं. धाकटीला खाली घेता येईना. मेकॅनिक वर चढला आणि तिची बोटं उघडायला गेला तशी ती ओरडली, "ओढू नका! ओढू नका!" शेवटी त्याने कांडीची वायर कापली, पाना आणून खांबाची पट्टीच सोडवली आणि हात वरच्या बाजूने सरकवून काढला. ती हॉस्पिटलात पोचली तेव्हाही दोन्ही मुठी मिटलेल्याच होत्या.

लघवी कोऱ्या चहासारखीच आली. या वेळी त्याहून काळी. डॉक्टरीणबाई आल्या, बघितलं, आणि बाहेर जाऊन कुणाशी तरी घाईघाईने बोलायला लागल्या. धाकटी छताकडे बघत पडून होती. मूत्रपिंडाचे आकडे आधी वर चढले. रक्त मशीनमधून फिरवावं लागेल की काय, असं दोन-तीन वेळा ठरलं आणि पुढे ढकललं. ताई रात्रंदिवस हॉस्पिटलातच होती. कुणाकडे आधी धावू, बहिणीकडे की नवऱ्याकडे, हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती दोघांनाही शिव्या देत होती. मग आकडे उतरायला लागले. बोटं आपसूक उघडली, आधी उजव्या हाताची, मग डाव्या.

भाऊजींच्या कानाची पाळी आणि तीन बोटांची टोकं काळी पडली. डॉक्टर म्हणाले, बोटं राहतील. चालता यायला लागल्यावर ते घोंगडीसारखी जाड चादर पांघरून तिच्या खोलीत आले आणि खुर्चीवर बसले.

"मी तुला काय काय बोललो," ते म्हणाले.

"ऐकलं मी."

"दोघांनी जोर लावला असता तर उघडलं असतं का गं दार?"

"माहीत नाही, भाऊजी."

त्यांनी मान हलवली. मेकॅनिकने नंतर सांगितलं, की तो बर्फ छिन्नीनेच फोडावा लागला, दहा माणसांनी ढकलूनही दांडा हलला नसता. पण तेव्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं, आणि तो प्रश्न त्यांच्यामध्ये तसाच पडून राहिला.

"भीती वाटते का अजून?" जाताना त्यांनी विचारलं.

"वाटते."

"मलाही," भाऊजी म्हणाले. घरी आल्यावर ताईच्या लक्षात आलं, की ते फ्रीज उघडायला तिला हाक मारतात.

साहेबांनी दांडा बदलला, बाहेर नवी घंटी बसवली, दर आठवड्याला ती वाजवून बघायची असं ठरवलं. वॉचमन हॉस्पिटलात येऊन रडून गेला होता. त्याला कुणी काढलं नाही. भाऊजींनी आतलं काम सोडलं, ते आता फाटकापाशी गाड्यांचं बघतात. धाकटी तिच्या ऑफिसात परत आली. त्या खोलीत ती पुन्हा गेली नाही, जाणारही नाही, हे तिने साहेबांना तोंडावर सांगितलं. पण आत कुणी गेलं की ती खुर्चीवरून उठते, सावकाश चालत दारापाशी येते आणि तो माणूस बाहेर येईपर्यंत दार हाताने उघडं धरून उभी राहते. नवी पोरं हसतात.

"मावशी, बसा की जाऊन. आम्ही काय पळून जातोय का?"

ती फक्त आत वाकून, पंख्यांच्या वर आवाज चढवून विचारते, "किती जण आहात रे?" आणि सगळे बाहेर आल्याशिवाय दार सोडत नाही.